नाव कमी केल्याचा दाखला

वाशी, सेक्टर १
रविवार, ता. ६ जानेवारी १९८०

चि. गंगाराम यास,

जयभीम. तुझं पोस्टकार्ड बुधवारी पोचलं. चार ओळींपैकी तीन दाखल्याच्या आणि चौथीत ‘आई बरी आहे’. आई बरी आहे हे आधी लिहायचं असतं. तू दहावीपर्यंत शिकलास, मी सातवीत शाळा सोडली, तरी हे मी तुला सांगायचं.

नियम तू नीट वाचलेला दिसत नाहीस, म्हणून लिहितो. माणसाचं नाव एका वेळी एकाच रेशनकार्डावर असतं. गेल्या जूनमध्ये आई डोळ्याच्या ऑपरेशनला इकडे आली, तेव्हा तू तुझ्या कार्डातून तिचं नाव कमी करून दाखला आणलास. तो मी इथल्या रेशनिंग ऑफिसात दिला आणि नाव माझ्या कार्डावर चढलं. नोव्हेंबरात ती परत गावी आली. तेव्हा आता मी इथून नाव कमी करायचं, दाखला तुला पाठवायचा, तो तू तालुक्याला द्यायचा, म्हणजे तुझ्या कार्डावर ती पुन्हा लागेल. इथपर्यंत तुझं बरोबर.

पण जरा डोकं चालव. साखर पुन्हा कार्डावर सुरू झाली आहे. इथे माणशी सव्वाचारशे ग्रॅम मिळते आणि खरोखर मिळते. बाहेर तीच साखर दुपटीहून जास्त भावाने आहे, आणि चढणार आहे. तुमच्या दुकानात महिन्यातून एकदा पोतं येतं, ते दुकानदाराच्या मेव्हण्याच्या हॉटेलात जातं, हे तूच मला सांगितलं होतंस. जिथे माल मिळतो तिथलं नाव काढून जिथे मिळत नाही तिथे लावायचं, याला मी शहाणपण म्हणत नाही. आईच्या वाटणीची साखर मी येत्या-जात्या माणसाबरोबर पाठवीन. घरचा माल घरातच राहील.

आणि एक गोष्ट मी कधी बोललो नाही, ती आज लिहितो. गावचं घर आणि दीड एकर भाताचं शेत तुझ्याकडे आहे. चौदा वर्षांत मी तुझ्याकडे एक पायली तांदूळ मागितलेला नाही. हे ध्यानात ठेवून मग ‘दाखला ताबडतोब पाठव’ असं लिही. ताबडतोब हा शब्द मोठ्या भावाला लिहायचा नसतो.

केशरला सांग, साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकल्या की मुंगी येत नाही. पावडर मारायची गरज नाही.

किसन

वाशी
रविवार, ता. ९ मार्च १९८०

चि. गंगाराम,

तुझी दोन्ही पोस्टकार्डं मिळाली. दुसऱ्यात तू लिहिलंस, ‘आई चहा गुळाचा पिते, तोही एकच वेळ’. गूळ रक्ताला चांगला. आपण लहानपणी काय पीत होतो?

साखर पाठवायची राहिली, हे मान्य. आपल्या गावचा सिताराम शिमग्याला घरी गेला तेव्हा मी पुडा बांधून ठेवला होता, पण त्याची पिशवी आधीच भरलेली. पुडा माझ्याकडे तसाच आहे. तसाच म्हणजे, थोडा वापरला.

इकडे बेगमीची गडबड चालू आहे. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. त्यातली नऊ आता माझ्या पद्धतीने चालतात. मी कंपनीत स्टोअरकीपर आहे, तिथे केमिकलचा एक ड्रम हलला तरी कार्डावर नोंद होते. हीच पद्धत मी घरच्या डब्यांना लावली. वर्षाचा तांदूळ एकदम घ्यायचा, तोही नवा नाही, जुना. किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळायचं, उन्हात न घालता सावलीत पसरायचं. तूरडाळीला ऊन द्यायचं, मग कडूलिंबाचा वाळलेला पाला. मीठ पुडीतलं घ्यायचंच नाही. इथे मिठागरं जवळ आहेत, खडेमीठ पोत्याने येतं. रेशनच्या पामतेलाला लोक नाक मुरडतात. त्यात लिंबाची फोड काळी होईपर्यंत तळली की वास जातो, मग खुशाल भजी करा. वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई म्हणाल्या, ‘किसनभाऊ, तुम्ही बाई असतात तर मी तुम्हाला सून करून घेतलं असतं.’ ह्या युक्त्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेल्या नाहीत. स्वतः करून, चुकून, पुन्हा करून शिकलो आहे.

जानेवारीत मी रेशनच्या तांदळातले खडे जमा करून कंपनीच्या काट्यावर वजन केलं. एका महिन्यात एकशे नव्वद ग्रॅम! दुकानदार श्यामसुंदरला नेऊन दाखवले. तो म्हणाला, ‘किसनराव, एवढं तर तुम्ही सोनंसुद्धा तोलत नसाल.’ पण पुढच्या वेळेस मला नव्या पोत्यातला तांदूळ दिला.

फेब्रुवारीत कार्डांची तपासणी झाली. इन्स्पेक्टर घरी येऊन गेले. सर्व व्यवस्थित.

दाखल्याचं बघतो. ऑफिस सकाळी साडेदहाला उघडतं आणि माझी पाळी सातची. एक दिवस रजा टाकायची म्हणजे एका दिवसाचा पगार. मे महिन्यात गिरजा आणि स्मिता गावी येतील तेव्हा सगळं बोलू.

किसन

वाशी
रविवार, ता. १५ जून १९८०

गंगाराम,

गिरजा गुरुवारी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘आईला बगून आले. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाते.’

मी विचारलं, ‘केशर वाढत नाही का?’

‘केशर वाढते. आई घेत नाय.’

मग तिने मला सांगितलं. मी जसंच्या तसं लिहितो, कारण यातलं तू एक अक्षर मला कळवलेलं नाहीस. केशर दुसऱ्यांदा भात वाढायला आली की आई ताटावर हात आडवा धरते आणि म्हणते, ‘नको गो. माजा शिधा किसनकडं हाय. मी हितं पावनी. पोरांच्या तोंडचं कशाला खाऊ?’ चहा दिला तर म्हणते, ‘माजी साखर तिकडं हाय.’ शेजारणींनाही सांगते. कोणी चेष्टेने विचारलं, ‘म्हातारे, नाव कुठं तुजं?’ तर सांगते, ‘वाशीला.’

मी हसलो. खरंच हसू आलं. गिरजा म्हणाली, ‘हसताय काय? चेष्टा नव्हती ती. तिला सही करता येत नाय, पण आपलं नाव कुठल्या कार्डात हाय ते तिला बरोब्बर ठाऊक. आपण दोघांनी तिला इकडनं तिकडं पाठवली आन् तिचं जेवण हितं ठेवून घेतलं.’

‘आपण दोघांनी’ म्हणाली. ‘तुम्ही’ म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

गंगाराम, तू मला नुसतं ‘दाखला पाठव, दाखला पाठव’ लिहीत राहिलास. मला वाटलं, तुला साखर हवी. तुला वाटलं असेल, आई जेवत नाही हे लिहिलं तर दादा म्हणेल बायको उपाशी ठेवते. मी म्हणालोही असतो. पण तरी लिहायचं.

आता मीही एक लिहितो. मार्चमध्ये तपासणीचं मी एका ओळीत उरकलं होतं. ते असं झालं.

रविवार, सकाळचे नऊ. इन्स्पेक्टर दारात. कार्ड हातात घेऊन म्हणाले, ‘चार माणसं. दाखवा.’ मी होतो. स्मिता अभ्यासाला बसली होती. गिरजा आत. ‘आणि आई, बयाबाई?’ त्या वेळी उंबऱ्यात सारसोळ्याची कोळीण चंद्राबाई बसली होती. दर रविवारी पाटी घेऊन येते, गिरजा तिच्याकडून बोंबील घेते. पाटी तिने बाजूला ठेवली होती आणि पाय पसरून पान लावत होती. मी तिच्याकडे बोट केलं. तोंडाने मी खोटं बोललो नाही. ‘ह्या का बयाबाई?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मान हलवली.

चंद्राबाईने माझ्याकडे बघितलं, इन्स्पेक्टरकडे बघितलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाली, ‘माजाच पोर हाय. बारीक व्हता तवापासून असाच चिकट.’

इन्स्पेक्टर हसले. ‘आजी, मासे विकता का या वयात?’

‘पोटाला नको काय? यो देतो काय मना?’

त्यांनी खूण केली आणि गेले. चंद्राबाई उठली नाही. म्हणाली, ‘काय रं पोरा, आयचा वाटा कवा देतस?’

त्या महिन्यापासून आईच्या साखरेतली निम्मी चंद्राबाईकडे जाते. रेशनच्या दिवशी ती दुकानाबाहेर पाटी मांडून बसते, आणि मी पिशवी घेऊन आलो की सगळ्या रांगेसमोर ओरडते, ‘आला का माजा सोन्या!’ श्यामसुंदर तिला ‘किसनरावांच्या आई’ म्हणतो. तिला मजा वाटते. नातीला शिरा करून घालते म्हणे.

म्हणजे आपली आई गुळाचा चहा पिते आणि तिच्या नावाची साखर सारसोळ्यात शिऱ्यात जाते. हे मी लिहिलं, कारण मी लपवलं असतं तर गिरजाने लिहिलं असतं. ती त्या दिवशी हातात बोंबील घेऊन आतल्या दारात उभी होती.

पुढच्या सोमवारी रजा टाकली आहे. दाखला आणतो.

किसन

वाशी
रविवार, ता. २४ ऑगस्ट १९८०

गंगाराम,

तुझं उत्तर नाही. ठीक.

मी ऑफिसात गेलो होतो. दाखला पाठवला नाही म्हणून तू काय समजला असशील ते मला कळतं, म्हणून काय झालं ते लिहितो. साडेदहाला रांगेत चौथा होतो. अर्ज मी घरूनच सुवाच्य अक्षरात लिहून नेला होता, दोन प्रतींत. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, ‘आई गावी कधी गेल्या?’ मी म्हणालो, ‘गेल्या नोव्हेंबरात.’ खरं तेच सांगितलं. त्याने रजिस्टर उघडलं. बोट फिरवत गेला. मग वर बघून म्हणाला, ‘नोव्हेंबरात गेल्या, तर फेब्रुवारीत तपासणीला घरी कोण हजर होतं?’

माझ्यामागे अकरा माणसं होती. मी मोजली होती.

‘मग आठ महिने रेशन कोणी उचललं?’ हे त्याने दुसऱ्या कारकुनाला ऐकू जाईल असं विचारलं.

गंगाराम, मी स्टोअरकीपर आहे. बारा वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक नट कमी निघालेला नाही. मॅनेजरसाहेब माझी कार्डं नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात. अशा माणसावर खोट्या रेशनची केस झाली, तर तो कंपनीत कुठल्या तोंडाने जाईल? मी म्हणालो, ‘साहेब, चुकलं. गेल्या नाहीत, जाणार आहेत.’ अर्ज परत मागून घेतला. त्याने दिला. ‘गेल्या की या,’ म्हणाला.

तेव्हा आता मार्ग एकच आहे. दिवाळीला कार्डावर जादा साखर मिळते. ती झाली की मी अर्ज देतो, ‘आई दिवाळी करून गावी गेल्या’ असा. मग मागचं कोणी विचारणार नाही. अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर साखर पार्सलने पाठवायचा विचार केला. पोस्टात विचारून आलो. कापडात शिवून, लाख लावून, वजनाप्रमाणे खर्च साखरेच्या किमतीपेक्षा जास्त येतो. हे तुलाही पटणार नाही.

आईला माझा निरोप सांग. मोठ्याने सांग, तिला एका कानाने कमी ऐकू येतं. म्हणावं, किसनने सांगितलंय, पोटभर जेव. तुझा शिधा किसन भरून देणार आहे.

तू सांगशील ना? का तेही दाखला आल्यावर?

किसन

वाशी
रविवार, ता. ३० नोव्हेंबर १९८०

गंगाराम,

तुझं रजिस्टर पाकीट सोमवारी, चोवीस तारखेला, मिळालं. सही करून घेतलं. मला वाटलं, वाटणीची नोटीस असेल. आत एकच कागद निघाला. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला उतारा. बयाबाई, स्त्री, मृत्यू दिनांक १९ ऑक्टोबर. पाकिटात मी पुन्हा हात घालून बघितलं. उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.

छत्तीस दिवस, गंगाराम. तालुक्याहून तार यायला एक दिवस लागतो. आईचा मोठा मुलगा जिवंत आहे हे गावात कोणाला आठवलं नाही? पुण्यानुमोदनाला भन्तेजींनी विचारलं असेल, थोरला कुठे आहे? तू काय सांगितलंस? नाव वाशीला आहे, असं सांगितलंस? मी ह्या सहा दिवसांत तुझ्याशी मनातल्या मनात इतका भांडलो आहे, की कंपनीत एक नोंद दोनदा केली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

दिवाळी होऊन गेली तरी माझा अर्ज राहिलाच होता. कागद का पाठवलास ते मला कळलं. नाव कमी करायला आता याच्याइतका पक्का पुरावा नाही. कारकून एकही प्रश्न विचारणार नाही. तू मला माझा मार्ग मोकळा करून दिलास. वर रजिस्टरचा खर्च केलास.

काल शनिवारी रेशनचा दिवस होता. उतारा घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि दुकानात गेलो. ठरवून गेलो होतो, आधी श्यामसुंदरला सांगायचं, तीन माणसांचंच दे, आई वारली. मग सोमवारी ऑफिस. माझा नंबर आला. श्यामसुंदरने कार्ड उघडलं. ‘चार ना किसनराव?’ आणि बाहेर बघून म्हणाला, ‘आज आई लवकर येऊन बसल्यात तुमच्या. तब्येत चांगली दिसते.’

बाहेर चंद्राबाई पाटीवरच्या माशा वारत बसली होती. माझ्याकडे बघून हसली.

आता सांग, मी काय सांगायचं होतं? आई वारली म्हणून? रांगेतल्या सगळ्यांच्या समोर ती पान खात होती.

‘बरी आहे,’ मी म्हणालो.

त्याने चार जणांची साखर तोलली. मी पैसे दिले, सुटे. माझ्या हातून सही झाली. कागद खिशात होता, गंगाराम. मला तो कापडातून टोचत होता असं वगैरे मी लिहिणार नाही. कागद टोचत नाही. होता, एवढंच.

बाहेर आलो तर चंद्राबाईने नेहमीचा डबा पुढे केला. ‘आन रं सोन्या.’

मी खाली बसलो. म्हणालो, ‘आई गेली.’

‘कोनाची?’

‘माझी.’

तिने डबा खाली ठेवला. ‘कवा?’

‘एकेचाळीस दिवस झाले.’

बराच वेळ ती माझ्या पिशवीकडे बघत होती. मग हळूच, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशी बोलली, ‘आनि तू आज तिची साखर घेवाला रांगेन उबा व्हतास?’

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

‘मी नातीला खायला घातली रं ती. मना वाटला, म्हातारी तुज्याच घरान हाय, आजारी हाय, उठत नाय, म्हनून मना दाखवतस. मना काय म्हाईत, तिला देतच नव्हतास.’

मग तिने पाटी डोक्यावर घेतली. अर्धे बांगडे विकायचे बाकी होते, तशीच उचलली. मी डब्यात साखर घालायला गेलो तर म्हणाली, ‘नको मना. आनि दुकानावर मना आय बोलू नको परत.’ कसाई परवडला, असं काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती सानपाड्याच्या रस्त्याने निघून गेली.

घरी गिरजाला मी सगळं सांगितलं. पिशवी तिने हातात घेतली नाही, ती मीच आत नेऊन ठेवली. स्मिताने विचारलं, ‘बाबा, आजी गेली ते आता सगळ्यांना सांगायचं का?’ मी म्हणालो, सोमवारनंतर सांगू.

उद्या सोमवार. रजा टाकली आहे. नाव कमी करून येतो. त्याचा दाखला तुला पाठवू का, हा प्रश्न आता उरला नाही, तरी मी पाठवणार आहे. तू सहा वेळा मागितलास.

एक मात्र विचारायचं आहे आणि त्याचं उत्तर मला हवं. नोंदवहीच्या उताऱ्यात मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘वार्धक्य’ लिहिलं आहे. अक्षर ग्रामसेवकाचं आहे, पण शब्द त्याला कोणीतरी सांगितला असणार. मी हिशेब केला. आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, मी तिच्या सतराव्या वर्षी झालो, मला चव्वेचाळीस संपली. म्हणजे ती एकसष्ट वर्षांची होती. एकसष्टाव्या वर्षी कोणी वार्धक्याने मरत नाही. तिची आई ऐंशी पार करून गेली.

तो शब्द तू सांगितला असशील, तर तो माझ्यासाठी सांगितलास, हे मला समजतं. चिठ्ठी लिहिली नाहीस पण तेवढं केलंस. मला ते नको आहे. पंचायतीत जा, अर्ज दे आणि तो रकाना दुरुस्त करून घे. जे झालं ते लिहायला सांग.

किसन